लाल टोपण, नारिंगी टोपण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला मधुमेहावरचा लेख मी दोनदा वाचला. एकदा वाचून पेपर बाजूला ठेवला, भाकरी केल्या, जेवणं झाली, आणि राहवेना म्हणून परत काढला. लेखक मोठे डॉक्टर आहेत. त्यांच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे. देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचा जो आकडा त्यांनी दिला, तो २०२३ पासून सगळीकडे छापून येतोय, त्याबद्दलही माझं काही म्हणणं नाही. पण ‘आपले रुग्ण सांगून ऐकत नाहीत’ हे वाक्य तुम्ही चौकटीत, जाड अक्षरात छापलंत. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, किती मिनिटं सांगितलं, हे अख्ख्या लेखात कुठंही नाही.

आमच्या घरी काय झालं ते लिहिते.

आमचे मालक ११ वर्षांपासून शुगरचे पेशंट. गोळ्यांवर होते. गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमारास रानात तळपायात बाभळीचा काटा मोडला आणि त्यांना कळलंच नाही. तीन दिवसांनी मला अंथरुणावर डाग दिसला, तेव्हा मी पाय उचलून बघितला. या ११ वर्षांत एकाही दवाखान्यात त्यांना चप्पल काढायला लावून पाय बघितला नव्हता. शुगरनं पायाची जाणीव कमी होते, रोज रात्री तळवे बघायचे, दिसत नसतील तर खाली आरसा धरायचा, रानात अनवाणी जायचं नाही, हे मला त्या जखमेनंतर कळलं. हा माणूस जन्मभर काळ्या मातीत अनवाणी चाललेला. त्याला कोणी एकदा समोर बसवून हे सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. मी ४० वर्षं त्यांच्यासोबत आहे, मला माहीत आहे.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात १२ दिवस काढले. पाय वाचला, त्याबद्दल त्या डॉक्टरांचे उपकार आहेतच. घरी सोडताना इन्सुलिन सुरू करून दिलं. कागदावर लिहिलेलं, सकाळी १८ युनिट, रात्री १२, जेवणाआधी अर्धा तास. टोचायचं कसं म्हणून मी विचारलं, तर ‘मेडिकलवाला दाखवील’ असं उत्तर मिळालं. मेडिकलवर गर्दी. त्यानं ‘पोटात टोचायचं’ एवढं सांगून पिशवी हातात दिली.

त्या पिशवीत बाटली होती ४० ची. म्हणजे एका मिलीत ४० युनिट. तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. सोबत दिली होती नारिंगी टोपणाची. ती १०० च्या इन्सुलिनची, तिच्यावर एका मिलीला १०० युनिटांच्या खुणा असतात. मी चष्मा लावून, उजेडात धरून, बरोबर १८ च्या रेघेपर्यंत औषध ओढायची. एक थेंब इकडं तिकडं होऊ द्यायची नाही. आणि त्यांच्या पोटात १८ ऐवजी जात होते ७ युनिट.

शुगर उतरेना. ३००, ३२०. पंधरा दिवसांनी परत दाखवायला गेलो. आमच्या गावाहून जायला यायला अख्खा दिवस जातो, डॉक्टरांसमोर खुर्चीत बसायला दोन मिनिटं मिळतात. डॉक्टर तरुण होते, आमच्या पोराच्या वयाचे. म्हणाले, ‘बाबा, तुम्ही गोड खाताय. खोटं बोलू नका.’ डोस वाढवून सकाळी २८, रात्री १८ केला. पुढच्या खेपेला आंब्याचे दिवस होते, तेव्हा आंब्यावरून बोलले.

मालकांनी त्या उन्हाळ्यात आंब्याची फोडसुद्धा तोंडात घातली नव्हती. चहा बिनसाखरेचा घेत होते. त्या दिवशी एसटीत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रात्री ताटातली अर्धी भाकरी परत ठेवली, म्हणाले, ‘हिच्यानंच वाढत असंल.’ संपादक महोदय, तुमच्या लेखातला ‘सांगून न ऐकणारा रुग्ण’ तो हाच. सिरिंज कोणती वापरता, आणून दाखवा, एवढं एक वाक्य कोणी विचारलं नाही. पाच आठवडे.

मग सिरिंजा संपल्या. भाचा दुसऱ्या मेडिकलवरून नव्या घेऊन आला. त्या लाल टोपणाच्या, म्हणजे बरोबर होत्या. टोपणाचा रंग वेगळा आहे हे मी बघितलं, पण कंपनी वेगळी असेल असं वाटलं. सकाळी २८ दिलं, रात्री १८ दिलं. अंगात अचानक अडीचपट औषध गेलं, आणि त्या दिवशी ते नेमके जेवले कमी.

रात्री तीनच्या सुमाराला त्यांच्या बडबडीनं जाग आली. अंगरखा घामानं ओला, हात थरथरत होते, मला ओळखेनात. शेजारची बाई म्हणाली वारं गेलं, कोणी म्हणालं बाहेरचं आहे, लिंबू आणा. मी वारा घातला, पाणी पाजलं. साखरेचा डबा माझ्या डोक्याच्या वर फळीवर होता. मी त्याला हात लावला नाही, कारण ११ वर्षं मला एकच गोष्ट सांगितली गेली होती, की शुगरच्या माणसाला साखर म्हणजे विष.

शेजाऱ्यांच्या जीपमधून तालुक्याला नेलं. शुगर ३८ निघाली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पाच-दहा मिनिटांत डोळे उघडून माझं नाव घेतलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘घरी साखर का नाही दिली?’ मी काय उत्तर देणार होते?

हे पत्र वाचणाऱ्या ज्यांच्या घरी इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या आहेत, त्यांच्यासाठी लिहून ठेवते. घाम, थरथर, एकदम भूक, असंबद्ध बोलणं असं झालं तर शुगर ७० च्या खाली गेलेली असू शकते. माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात कालवून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, तरी कमी असेल तर परत द्यायची, आणि बरं वाटलं की खायला घालायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, दवाखाना गाठायचा. एवढंच आहे ते.

मला हे शिकवलं त्याच रात्रीच्या ड्युटीवर असलेल्या एका सिस्टरनं. तिनं सकाळी घरी जायच्या आधी पिशवीतली बाटली आणि दोन्ही रंगांच्या सिरिंजा समोर ठेवल्या. पेशंटला आणलेली एक मोसंबी घेतली, सिरिंजमध्ये पाणी भरलं आणि माझ्या हातानं मोसंबीत टोचून घेतलं. तीनदा. मग मालकांच्या हातानं. रोज एकाच जागी टोचलं तर गाठ होते आणि तिथून औषध नीट लागत नाही, म्हणून जागा बदलत राहायची, हे त्यांच्या पोटावरची गाठ चाचपूनच दाखवलं. फ्रीज आहे का विचारलं. आहे, पण लाइट असते तेव्हा. मग सांगितलं, न उघडलेल्या बाटल्या फ्रीजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, आणि वापरातली बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून पाण्याच्या माठात ठेवा, उघडल्यावर महिनाभरात संपवा. आमच्याकडे वैशाखात पारा ४३ वर जातो. मी तोवर बाटली देवघराच्या कोनाड्यात ठेवत होते.

सगळं मिळून वीस मिनिटं लागली. त्या पोरीला मी तेव्हापासून आशीर्वाद देते आहे. त्यानंतर आजवर मालकांचा डोस कधी चुकला नाही. ते सुई स्वतः टोचून घेतात, वहीत तारीख आणि आकडा लिहितात. सातवी शिकलेला माणूस आहे.

मी स्वतः अंगणवाडी सेविका म्हणून सगळी नोकरी केली. पोरांना जुलाब लागले की काय करायचं, हे आम्ही घरोघर शिकवलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आधी आपण करून दाखवायचं, मग त्या आईच्या हातानं करून घ्यायचं, मग आठ दिवसांनी परत जाऊन ‘करून दाखव बरं’ म्हणायचं. तिसऱ्या खेपेला तिला पक्कं यायचं. निरक्षर बायांनी ते केलं आणि पोरं वाचवली. ‘बाया सांगून ऐकत नाहीत’ असा अहवाल मी वरिष्ठांना दिला असता तर त्यांनी मला उभं केलं असतं, आणि बरोबरच होतं ते. मग मधुमेहाला, बीपीला, दम्याला हाच नियम का नाही? हे तर जन्मभराचं दुखणं. डॉक्टर वर्षातून चार-सहा वेळा भेटणार, बाकीचे सगळे दिवस औषध पेशंटच्या आणि घरच्या बाईच्या हातात.

आहाराचा कागद मिळाला होता, तोही सांगते. त्यात ओट्स, ब्राऊन ब्रेड, ऑलिव्ह तेल. आमच्या घरात ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, करडईचं तेल. ज्वारीनं शुगर वाढत नाही असं समजून आमच्या भागात माणसं चार-चार भाकरी खातात, आणि एकादशीला साबुदाणा आणि भगर म्हणजे ‘उपासच आहे’ म्हणतात. भाकरीतही पिठूळच असतं, साबुदाणा तर नुसता पिठूळ, हे आमच्या ताटावर बोट ठेवून कोण सांगणार? ‘एका वेळी भाकरी एक का दोन?’ हा माझा साधा प्रश्न होता. त्याचं उत्तर मला अजून कागदावर मिळालेलं नाही.

आता गावात आयुष्मान आरोग्य मंदिर आहे. आशाताई ३० वर्षांवरच्या सगळ्यांचे फॉर्म भरतात, मग तिथं बीपी मोजला जातो, बोट टोचून शुगर बघितली जाते. त्यांच्यावर कामाचं किती ओझं आहे ते मला कोणी सांगायला नको, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण मोजून झालं, आकडा ऑनलाइन भरला, की त्या माणसाला पुढं शिकवायचं कोणी? दसरा-दिवाळीला आमच्याकडचे कितीतरी जण ऊसतोडीला जातात ते पाच-सहा महिन्यांनी परततात. फडावर गोळ्या संपल्या तर काय करायचं, पायात कुसळ गेलं तर काय करायचं, हे निघायच्या आधी त्यांना शिकवायला नको? आठवड्यातून एक दुपार, एक सिस्टर, दोन रंगांच्या सिरिंजा आणि चार मोसंब्या. मोसंब्या मी देईन. शिकवायलाही येईन, मानधन नको.

आणखी एक गोष्ट, आणि ही तुमच्याशीच आहे. ज्या पानावर तो लेख आहे, त्याच पानाच्या तळाला ‘४५ दिवसांत शुगर मुळासकट घालवा, गोळ्या-इंजेक्शन बंद’ अशी जाहिरात आहे. माझी मुलगी कायदा शिकलेली आहे. ती म्हणाली, अशा जाहिराती बंद करणारा कायदा १९५४ पासून आहे आणि त्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. आमच्या गल्लीतल्या एकानं असंच चूर्ण मागवून गोळ्या सोडल्या, दोन महिन्यांनी त्याला बेशुद्ध अवस्थेत उचलून न्यावं लागलं. वर लिहायचं पेशंट ऐकत नाहीत, आणि खाली त्याच पेशंटला औषध बंद करायला सांगायचं. तो बिचारा तुमचंच ऐकतो ना! तुमचा पेपर आमच्या घरी २६ वर्षांपासून येतो, त्या नात्यानं विचारते, ही जाहिरात पुढच्या रविवारी परत दिसणार आहे का?

पत्र लांबलं आहे, तुम्ही काटछाट करणार हे कळतं. माझ्याबद्दलचं सगळं काढलं तरी चालेल. फक्त एवढं छापा, आणि जमलं तर त्याच चौकटीत, त्याच जाड अक्षरात छापा: बाटलीवर ४० असेल तर लाल टोपणाची सिरिंज. १०० असेल तर नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं घेतलं तर अडीचपट जातं. मेडिकलवरून निघायच्या आधी दोन्ही शेजारी धरून बघा.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. गंगाखेड, जि. परभणी