श्रीलंका सहलीच्या सदोष आखणीबाबत तक्रार व आगाऊ रक्कम परत मिळण्याबाबत

दिनांक : ११ ऑगस्ट
परभणी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विदेश सहली विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई.

विषय : ‘मार्गदर्शकासह श्रीलंका, ५ रात्री ६ दिवस’ या सहलीचे वेळापत्रक आणि ग्राहक सेवा विभागाकडून मिळालेली वागणूक.

महोदय,

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवा प्रतिनिधीने माझे बोलणे पूर्ण होण्याआधीच फोन ठेवला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. यापूर्वी पाठवलेल्या प्रत्येक ई-मेलला ‘आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ एवढेच यांत्रिक उत्तर आले. विनंती काय होती हे मात्र आपल्याकडे कोणी वाचल्याचे दिसत नाही.

आमची मागणी आपल्या परभणी येथील प्रतिनिधीने स्वतःच्या हाताने अर्जावर लिहून घेतली आहे आणि तिची प्रत माझ्याकडे आहे. मी, माझी पत्नी, थोरले बंधू आणि वहिनी असे आम्ही चौघे, सर्व साठीच्या पुढचे. घरचे गणपती महालक्ष्म्यांसोबतच उठत असल्याने त्यानंतर सप्टेंबरमध्ये निघायचे, मोजकी ठिकाणे पाहायची आणि ती नीट पाहायची. सिगिरिया, दांबुल्ला, पोलोन्नारुवा, त्यानंतर कँडी, आणि वेळ उरल्यास नुवारा एलिया, एवढेच आम्ही मागितले होते. दक्षिण किनाऱ्याचे नावही काढले नव्हते. सिगिरियाचा आग्रह बंधूंचा होता. ते चित्रकला शिक्षक होते आणि अजिंठ्याला त्यांनी विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या नेल्या. सिगिरियाच्या कातळावरील स्त्रियांची चित्रे राजा काश्यपाच्या काळातली, म्हणजे इ.स. ४७७ ते ४९५ मधली मानली जातात, आणि अजिंठ्यातील नंतरच्या लेण्यांचे कामही त्याच शतकाच्या उत्तरार्धातले आहे. तेव्हा आपल्या मराठवाड्यात रंगत होते त्याच सुमारास समुद्रापलीकडे काय रंगत होते हे एकदा डोळ्यांनी पाहावे, ही त्यांची जुनी इच्छा. आपल्या वेळापत्रकात या इच्छेसमोर ‘फोटो स्टॉप : २० मिनिटे’ असे छापले आहे. त्या चित्रांची छायाचित्रे काढण्यास तेथे मनाई आहे, हे आपल्या कंपनीला ठाऊक असेलच.

आता वेळापत्रकाविषयी. एस. टी. महामंडळात वाहतूक नियंत्रक म्हणून माझी नोकरी झाली. घाटात गाडीला किती मिनिटे जास्त द्यायची, पावसाळ्यात कोणती फेरी उशिरा येणार आणि तिच्यामुळे पुढची कोणती मोडणार, हे ठरवणे हेच माझे पोटापाण्याचे काम होते. त्यामुळे कोणतेही वेळापत्रक हाती आले की माझी नजर गावांवर न जाता आधी दोन गावांमधल्या अंतरावर जाते. आपल्या दुसऱ्या दिवसावर ती गेली आणि तेथेच थांबली. सकाळी ८ वाजता कँडीहून प्रस्थान, दांबुल्ल्याचे गुंफा मंदिर, दुपारी साडेबारा वाजता सिगिरिया, भोजन, मसाल्यांच्या बागेला भेट, ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’ आणि रात्रीचा मुक्काम नुवारा एलिया. सिगिरिया कँडीच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटर आहे आणि नुवारा एलिया कँडीच्या दक्षिणेला आणखी ७५ ते ८० किलोमीटर; म्हणजे गेलो त्याच वाटेने कँडीत परत यायचे आणि तेथून अंधारात, चहाच्या मळ्यांतून वळणे घेत चढणाऱ्या रस्त्याने पुन्हा अडीच-तीन तास घाट चढायचा. एका दिवसात आठ-नऊ तास निव्वळ गाडीत. असे शेड्यूल मी माझ्या आगारातल्या तरण्याबांड चालकाला लावले असते तर त्याने ते माझ्या टेबलावर परत आणून टाकले असते, आणि त्याचे चुकले नसते.

त्यातही सिगिरियाची वेळ भर दुपारची. तेथे सुमारे १,२०० पायऱ्या आहेत. सिंहशिल्पाच्या दोन प्रचंड पंजांमधून वर गेल्यावर शेवटचा टप्पा उघड्या कातळाला लावलेल्या लोखंडी जिन्याचा आहे आणि त्या वेळी तेथे सावली मिळत नाही. जाणते लोक म्हणूनच सकाळी फाटक उघडताच चढायला लागतात. वहिनींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असून तसे अर्जावर नमूद आहे. त्यांना खाली बसवून ठेवावे लागेल हे आम्ही गृहीत धरले होते, पण त्यांनी कोठे आणि किती वेळ बसायचे याचा विचार ‘मार्गदर्शकासह’ असे म्हणणाऱ्या कंपनीने करायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी हॉर्टन प्लेन्समधील ‘वर्ल्ड्स एंड’ हा कडा दुपारी ३ वाजता दाखवण्याचे आपण योजले आहे. तो कडा पाहायला लोक पहाटे निघतात, कारण सकाळचे नऊ-दहा वाजले की बहुतेक दिवशी खालून धुके येऊन दरी झाकली जाते; दुपारी ३ वाजता आम्हाला पांढरा पडदा दाखवण्यात येईल आणि त्याचे प्रवेशशुल्क घेतले जाईल. त्याच दिवशी सायंकाळी नुवारा एलिया येथे ‘बीचवर निवांत वेळ’ असे लिहिले आहे. नुवारा एलिया समुद्रसपाटीपासून १,८६८ मीटर उंचीवर आहे. बीच आपण सोबत घेऊन येणार असल्यास कल्पना नाही. सूचनांच्या पानावर मात्र ‘उष्ण कटिबंधीय देश असल्याने गरम कपड्यांची आवश्यकता नाही’ असे आश्वासन आहे. तेथील रात्री स्वेटरशिवाय काढणारा आपला अधिकारी मला पाहायचा आहे. चौथ्या दिवसाची रेल्वे ‘नुवारा एलिया स्थानकावरून’ सुटणार आहे. असे स्थानक नाही. नुवारा एलियासाठीचे स्थानक नानु ओया, आणि ते गावापासून काही किलोमीटर दूर आहे.

हे सर्व मी दुर्लक्षिले असते, कारण छापण्यात चुका होतात. परंतु हंगामाची चूक छापण्यातली नाही. श्रीलंकेत पाऊस दोन बाजूंनी दोन वेळा पडतो : साधारणपणे मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस पश्चिम व दक्षिण किनाऱ्यावर आणि डोंगराळ भागात, तर डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी पाऊस उत्तरेला व पूर्वेला. म्हणूनच सप्टेंबरमध्ये जाणाऱ्याने सिगिरिया, पोलोन्नारुवा हा कोरडा पट्टा धरावा आणि फार तर पूर्वेला त्रिंकोमालीपर्यंत जाऊन कोणेश्वराचे दर्शन घ्यावे, हे शाळेतल्या नकाशावरूनही कळते. आपण नेमके उलट केले. पोलोन्नारुवा परस्पर वगळले आणि न मागितलेला दक्षिण किनारा पाचव्या दिवशी कोंबला : सकाळी याला राष्ट्रीय उद्यानात जीप सफारी, दुपारी मिरिस्सा येथे देवमासे, सायंकाळी गॉलचा किल्ला. मिरिस्साला देवमासे पाहण्याचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल हा आहे. त्या रात्री किनाऱ्यावर ‘बार्बेक्यू नाइट, ड्रिंक्ससह’ ठेवण्यात आली आहे. मी पंचांग उघडून पाहिले, त्या दिवशी पौर्णिमा आहे. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमा ही पोया म्हणून सार्वजनिक सुट्टी असते आणि त्या दिवशी मद्य व मांस यांच्या विक्रीला बंदी असते. शिवाय माझे बंधू माळकरी आहेत, हेही अर्जावर लिहिलेले आहे.

यापैकी फक्त एकच मुद्दा, याला उद्यानाचा, मी आज फोनवर काढला. तो संवाद मी जसा झाला तसा देतो, म्हणजे ‘ग्राहकाने आवाज चढवला’ अशी नोंद आपल्या दप्तरी झाली असल्यास ती तपासता येईल. मी म्हणालो की, त्या उद्यानाचा पर्यटकांसाठीचा मुख्य भाग, म्हणजे विभाग क्रमांक १, कोरड्या हंगामात सप्टेंबरच्या आरंभापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साधारणतः दरवर्षी बंद ठेवतात आणि आमची तारीख त्यात येते, तर सफारी कोठे होणार? आपले प्रतिनिधी म्हणाले, “काका, जंगल कसं बंद होईल? जंगलाला काय शटर असतं का?” आणि ते हसले. त्यांचे हसणे संपेपर्यंत मी थांबलो. मग मी त्यांना सांगितले की, त्याच दिवसांत मिन्नेरियाच्या तलावाचे पाणी ओसरून काठावर गवत उगवते आणि त्यासाठी शेकडो रानटी हत्ती तेथे जमतात. ते ठिकाण सिगिरिया आणि पोलोन्नारुवा यांच्या वाटेवरच आहे, सफारी तेथे ठेवावी, म्हणजे दक्षिणेची सगळी धावपळ वाचेल. (तो तलाव राजा महासेनाने बांधवून घेतला आणि सुमारे सतराशे वर्षांनंतरही त्यात पाणी साठते. टँकरची वाट पाहत उन्हाळे काढलेल्या आम्हा लोकांना हत्तींइतकाच तो तलावही पाहायचा होता, पण हे मी त्यांना सांगितले नाही.) त्यावर उत्तर आले, “सर, तुम्ही पहिल्यांदाच बाहेर चाललात ना, म्हणून टेन्शन येतं. श्रीलंका छोटा देश आहे, तिकडे गेल्यावर सगळं होतं.”

त्यानंतर त्यांनी मला थांबायला सांगितले. संगीत लावायचे ते विसरले, त्यामुळे पुढचे वाक्य मला स्वच्छ ऐकू आले. ते शेजारच्या कोणाला तरी म्हणाले, “परभणीचे काका आहेत, टाइमटेबल घेऊन बसलेत. काय सांगू?” शेजाऱ्याने जे सुचवले तेच त्यांनी परत येऊन मला सांगितले : “सर, प्लॅन सिस्टिममधून येतो, तो बदलता येत नाही.” सिस्टिममध्ये तो कोण भरतो, असे मी विचारले. “ऑपरेशन्स.” त्यांच्याशी बोलणे करून द्यावे, अशी विनंती केली. “ते कस्टमरशी बोलत नाहीत.” मग आगाऊ भरलेले ८०,००० रुपये परत करावेत, असे म्हणालो. “ते नॉन-रिफंडेबल आहेत, सर. अजून काही मदत करू शकतो का?” त्यापूर्वी कोणती मदत केली, एवढेच मी विचारले, आणि फोन ठेवला गेला.

महोदय, मी त्या तरुणाचा काका नाही. असतो तर सहल कंपनीत नोकरीला लागण्याआधी त्याला नकाशा वाचायला बसवले असते. माझा राग त्याच्यावर नाही असे लिहिणार होतो, पण तो काही अंशी आहे. ‘परभणीचे’ या शब्दावर तो ज्या पद्धतीने हसला, ते हसू त्याने कोठून उचलले याचा शोध आपण घ्यावा. परभणीच्या माणसाने पैसे मोजून प्रश्न विचारू नयेत असा आपला नियम असल्यास तो माहितीपत्रकावर छापावा, म्हणजे आम्ही आधीच दुसरे दार पाहू.

‘मार्गदर्शकासह’ या शब्दाबद्दलही उत्तर हवे आहे. श्रीलंकेत तेथील पर्यटन विकास प्राधिकरण मार्गदर्शकांना परवाने देते आणि स्वतः गाडी चालवणाऱ्या मार्गदर्शकांचाही त्यात वेगळा वर्ग आहे. आमच्यासोबत कोणत्या वर्गाचा परवाना असलेली व्यक्ती येणार आणि तिला हिंदी येते का, हे मी लेखी विचारले होते. उत्तरादाखल आलेल्या व्हाउचरवर ‘स्थळांची माहिती चालक देईल’ एवढेच आहे. मार्गदर्शकाचे पैसे मात्र दरपत्रकात स्वतंत्र ओळीत लावलेले आहेत.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातील अनेक जण आपल्याबरोबर काशीला आणि चारधामला जाऊन आले आहेत आणि त्यांनी आपले नाव चांगलेच सांगितले होते. त्या भरवशावरच आम्ही दुसरीकडे चौकशी न करता पैसे भरले. अन्यथा नकाशा, पंचांग आणि हंगाम या तीन गोष्टी मी घरबसल्या पाहू शकत होतो, आणि अखेर मलाच त्या पाहाव्या लागल्या. आपल्या कंपनीकडून आम्ही दुसरे काय विकत घेत होतो? जंगलाला शटर असते का, हे सहल कंपनीने ग्राहकाला सांगायचे असते, विचारायचे नसते.

तरी माझी मागणी अशी आहे. वेळापत्रक पुन्हा आखून त्यात सिगिरिया सकाळी, त्यानंतर पोलोन्नारुवा व मिन्नेरिया, आणि शेवटी कँडी व नुवारा एलिया असा क्रम ठेवावा, दक्षिण किनारा पूर्णपणे वगळावा, परवानाधारक मार्गदर्शकाचा तपशील लेखी द्यावा. हे जमत नसल्यास ८०,००० रुपये पूर्ण परत करावेत. परभणी ते मुंबई देवगिरी एक्सप्रेसची आरक्षणे झालेली असल्याने यासाठी २५ ऑगस्टपर्यंतच थांबणे शक्य आहे. त्यानंतर मी प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर आणि मग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. आपल्या पावतीच्या मागे ‘सर्व वाद मुंबई न्यायक्षेत्रात’ असे बारीक अक्षरांत छापलेले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी आयोगाचे शुल्कही लागत नाही, हे आपल्या विधी विभागाकडून खात्री करून घ्यावे. तारखांना आपल्या वकिलांना परभणीला यावे लागेल. गाड्यांच्या वेळा मी कळवीन.

उत्तर लेखी द्यावे. ‘काका’ म्हणून कोणीही फोन करू नये. केल्यास आपल्या यंत्राप्रमाणेच मीही तो ध्वनिमुद्रित करीन.

आपला ग्राहक
(सही)

सोबत : अर्जाची प्रत, आगाऊ रकमेची पावती, व्हाउचर आणि लाल शाईने दुरुस्त केलेले आपले वेळापत्रक.