पक्षी बघायला येताय? मग बॅग भरण्याआधी एवढं वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात पावसाळी सहलीला बॅगेत काय काय न्यावं याची यादी आली होती, पॉवर बँक, रंगीत रेनकोट, ब्लूटूथ स्पीकर वगैरे. बीचवर मजा करायला येणाऱ्यांना ती ठीक आहे, पण जून उजाडला की आमच्याकडे खास पक्षी बघायला लोक येतात आणि तेही हेच सामान घेऊन येतात, म्हणून हे पत्र. कुडाळजवळ आमचं तीन खोल्यांचं होमस्टे आहे, आठ वर्षं पाहुण्यांच्या बॅगा बघतेय, त्यामुळे काय कामाला येतं आणि काय कोपऱ्यात पडून राहतं ते आता पाठ झालंय.

आधी स्पीकरचंच सांगते, पत्र लिहायला बसले ती त्याच्यासाठीच. घरामागे व्हाळ म्हणजे छोटा ओढा आहे, त्याच्या दरडीत तिबोटी खंड्या दरवर्षी बीळ कोरून घरटं करतो. चिमणीएवढा जीव, केशरी-लाल चोच, जांभळट पाठ, पहिल्या पावसाबरोबर येतो आणि पिल्लं वाढवून सप्टेंबरच्या आसपास जातो. मागच्या जुलैत चार पाहुणे आले होते, त्यातल्या एकाने फोटो मिळावा म्हणून व्हाळावर स्पीकर ठेवून खंड्याच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं. जोडीतला एक तेवढ्यात चोचीत खेकडा धरून आलेला, तो बिळात शिरेचना. फांदीवर बसायचा, मान वर-खाली करायचा, उडून पलीकडे जायचा, परत यायचा. आपल्या जागेत दुसरा कोणीतरी घुसलाय असं त्याला वाटतं हो, मग तो पिल्लांना भरवायचं सोडून राखण करत बसतो. मला कळल्यावर धावत गेले आणि स्पीकर बंद करायला लावला, तोवर वीस-पंचवीस मिनिटं झालेली आणि खेकडा चोचीत तसाच. माझे सासरे तिथेच होते, ते पाहुण्यांना एवढंच म्हणाले, "वायच गप ऱ्हवा, येतलो तो." म्हणजे जरा गप्प राहा, येईल तो. सगळे मागे सरून गप बसले आणि थोड्या वेळाने तो सरळ बिळात गेला, फोटोही मिळाला. पक्षीतज्ज्ञ सलीम अली 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीची घरटी अशीच तासन् तास बसून बघत होते. आणि वन्य पक्ष्यांच्या घरट्याला त्रास देणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानेही गुन्हा आहे, हे किती जणांना माहीत असतं?

आता दुर्बीण. खूप जण 10 पॉवरची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण आणतात, पण पावसाळ्यात झाडीखाली दिवसासुद्धा काळोख असतो आणि ओल्या हाताने 10 पॉवरचं चित्र हलत राहतं. 8×42 बरी, 8 म्हणजे पॉवर आणि 42 म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये, उजेड चांगला घेते. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या डोळ्याला लावू नका, काचेवर वाफ धरते, दहा-पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या. ओली दुर्बीण केसमध्ये बंद करून ठेवणं तर सगळ्यात वाईट. माझ्या भावाने दिलेली दुर्बीण मी एका आषाढात तशीच कपाटात ठेवली, गणपतीत काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, ती आजतागायत गेली नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढं आणलंत तरी पुरे, निळे दाणे गुलाबी झाले की आम्ही मंद आचेवर तव्यात गरम करून परत वापरतो.

कपडे मातकट, हिरवे, राखाडी. जीन्स नकोच, इथे दोन दोन दिवस वाळत नाही. प्लॅस्टिकचा रेनकोट प्रत्येक पावलाला खसखस वाजतो आणि पक्षी आधीच उडतात, त्यापेक्षा साधी काळी छत्री चांगली. टॉवेलऐवजी पंचा आणा. पायात गमबूट, कारण जांभ्या दगडावर शेवाळ असतं आणि कातळावर फुरसं हा विषारी सापही असतो, संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय तर पाऊलच टाकू नका.

हिवाळ्यानंतर धनेश बघायला तिलारी-दोडामार्गकडे जाणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर घ्याच. 2016 पासून तिकडे माकडतापाचे रुग्ण सापडलेत, तो गोचिडीतून पसरतो आणि जानेवारी ते मे जास्त धोका. म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यात खोचलेली, पाल्यापाचोळ्यावर बसायचं नाही आणि परत आल्यावर अंग नीट तपासून गरम पाण्याने आंघोळ. गोचिडी-डास दूर ठेवणारं अंगाला लावायचं औषध जरूर आणा, पण त्यात डीट (DEET) हे रसायन असेल तर हात पुसूनच दुर्बीण धरा, प्लॅस्टिक आणि रबर त्याने चिकट होऊन खराब होतं.

तुम्ही पुढची यादी छापाल तेव्हा त्यातला तो स्पीकर तेवढा काढा, ही कळकळीची विनंती. आज 30 मे, काल रात्री पहिली सर येऊन गेली, व्हाळाला अजून पाणी नाही. दरडीतलं गेल्या वर्षीचं बीळ तसंच आहे, सासरे रोज सकाळी चहा घेऊन तिकडे जाऊन बसतात.

आपली,
एक वाचक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग