सर्वांत विषारी साप आणि सर्वांत घातक साप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपंचमीच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत जगातील सर्वांत विषारी दहा सापांची सचित्र यादी प्रसिद्ध झाली. त्या यादीत चूक काढण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. ऑस्ट्रेलियातील इनलँड तायपान पहिल्या क्रमांकावर असणे शास्त्राला धरूनच आहे. परंतु ऐन पावसाळ्यात, लावणी-बेणणीचे दिवस असताना अशी यादी वाचली की खरा धोका सातासमुद्रापलीकडे आहे असा समज होतो. ग्रामीण रुग्णालयात परिचारिका म्हणून आयुष्यभर नोकरी केल्यामुळे या समजाची किंमत कोण मोजते ते मला ठाऊक आहे.

अशा याद्या उंदरांवरील प्रयोगांतून तयार होतात. विषाच्या ज्या मात्रेने प्रयोगातले निम्मे उंदीर मरतात, ती मात्रा जितकी कमी तितके विष जहाल मानले जाते. इनलँड तायपानच्या बाबतीत ती उंदराच्या वजनाच्या दर किलोमागे अवघी ०.०२५ मिलिग्रॅम आहे. मात्र हा साप क्वीन्सलँड आणि साउथ ऑस्ट्रेलिया या राज्यांच्या सीमेलगतच्या ओसाड, भेगाळलेल्या जमिनीत राहतो, तिथल्या उंदरांवर जगतो आणि माणसाची चाहूल लागताच भेगेत नाहीसा होतो. १८७९ मध्ये शास्त्रीय नोंद झाल्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे तो संशोधकांच्या हाती लागला नाही. १९७२ मध्ये पुन्हा सापडला. इतके जहाल साप असलेल्या त्या देशात सर्पदंशाने वर्षाकाठी सरासरी दोन-तीन माणसे दगावतात.

आपल्याकडचे चित्र पाहा. मृत्यूंच्या कारणांच्या ‘मिलियन डेथ स्टडी’ या देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख लोक सर्पदंशाने मरण पावले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आहेत आणि बहुतेक ग्रामीण भागातले. हे मृत्यू प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांमुळे होतात. यांपैकी एकाचेही विष तायपानइतके जहाल नाही. मात्र हे साप आपल्या बांधावर, गोठ्यात, पेंढ्यात आणि चिऱ्यांच्या ढिगात राहतात, आणि साप घातक ठरतो तो याच कारणाने. वीतभर लांबीचे फुरसे बघून कोणाला भीती वाटत नाही; पण इंग्रजी अमदानीत १८६२ साली फुरशांवरचे बक्षीस वाढवले गेले तेव्हा एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात आठ दिवसांत लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली होती.

मण्यारीविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तिच्याबाबत घरचेच सर्वाधिक फसतात. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक असतात की बहुधा खूण दिसत नाही, सूज येत नाही आणि आगही होत नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणून उठते. घरची मंडळी ओवा देतात, शेक देतात. थोड्या वेळाने ‘वर बघ’ म्हटले तर त्याच्या पापण्या उचलत नाहीत, कपाळाला आठ्या घालून ते पाहण्याचा प्रयत्न करते. मग थुंकी गिळता येत नाही, मान सावरत नाही आणि शेवटी श्वास अडतो. एवढे होईपर्यंत मूल शुद्धीवर असते, आपले बोलणे ऐकत असते. अशा वेळी घशात नळी घालून अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत राहणारे कोणी असेल तर ते वाचते. विषाचा अंमल उतरेपर्यंत तासन् तास, कधी काही दिवस श्वास द्यावा लागतो, पण ते वाचते. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपणे हा यावरचा सर्वांत स्वस्त प्रतिबंध आहे.

घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते. ते ओळखायला ना यंत्र लागते ना वीज. स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता उभे ठेवायचे आणि मग नळी एकदाच तिरपी करायची. रक्त गोठलेले नसेल तर प्रतिविष ताबडतोब सुरू करायचे. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर मात्र ही तपासणी फसवते, आणि एवढी साधी गोष्ट नव्या कर्मचाऱ्यांना कोणी सांगत नाही याचे मला फार वाईट वाटते.

या चारही सापांवर चालणारे एकच प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून तयार होते आणि मुंबईची हाफकिन ही सरकारी संस्था ते अनेक दशके बनवत आली आहे. सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या द्याव्या लागतात; मुलांनाही मात्रा तेवढीच, कारण साप मूल म्हणून विष कमी सोडत नाही. प्रत्यक्षात कुप्या नसतात, किंवा असल्या तरी रिॲक्शन येईल या भीतीने रुग्णाला ‘पुढे न्या’ असे सांगितले जाते. रिॲक्शनवर ॲड्रेनलिनचे इंजेक्शन आहे, पण घाटरस्त्यात गेलेल्या दोन तासांवर इलाज नाही. मांत्रिकाकडे वेळ घालवला म्हणून आपण गावकऱ्यांना दोष देतो; पान लागलेल्या, म्हणजे साप चावलेल्या, माणसाला जवळच्या दवाखान्यात उपचार मिळतील याची खात्री असती, तर किती जण मांत्रिकाकडे गेले असते?

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याच वर्षी सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असे केंद्राने राज्यांना कळवले. घरी किंवा वाटेत झालेला मृत्यू मोजलाच गेला नाही तर त्या तालुक्याला कुप्या किती पाठवायच्या हे ठरणार कसे? या नोंदी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष होतात का आणि किती होतात, हे आपल्या वार्ताहरांनी तालुक्यागणिक तपासावे. तसेच जून ते सप्टेंबर या काळात दर आठवड्याला जिल्हा शल्यचिकित्सकांकडून माहिती घेऊन प्रतिविष आणि श्वास देण्याची सोय कोणत्या रुग्णालयात त्या क्षणी उपलब्ध आहे, त्याची यादी आपल्या जिल्हा आवृत्तीच्या पहिल्या पानावर छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
रत्नागिरी जिल्हा