ताई, तुम्ही पेन्सिल काढून घेतलीत त्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांदेखत लिहितोय. तुम्हाला एकटीला लिहिलं असतं तर "अहो, माझं कामच आहे ते" म्हणून तुम्ही दोन ओळींत मिटवून टाकलं असतंत. शिवाय माझ्यासारखे आणखीही बाबा असतील, रात्री झोपायच्या वेळी चार वर्षांच्या लेकीचा हात धरून 'अ' गिरवून घेणारे. त्यांच्याही नजरेला पडू दे.

लेकीच्या कच्च्या हातासाठी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा मी एक फाइल घेऊन आलो होतो, आठवतंय? आत गिरवायचे एकोणीस कागद. शिशुवर्गातून शेरा आला होता, "हात कच्चा आहे, घरी सराव घ्या." मी घेतला. दीड महिना घेतला. लेक पेन्सिल मुठीत धरायची, खंजीर धरावा तशी. मी एकेक बोट सोडवून नीट बसवायचो, दोन अक्षरं झाली की पुन्हा मूठ. कागद फाटायचे. शेवटी शेवटी तर पेन्सिलींचा डबा दिसला की पोरगी पलंगाखाली शिरायची.

तुम्ही ती फाइल उघडलीच नाहीत. तिला जमिनीवर उतरवलंत, स्टुलाखालून रांगायला लावलंत, मग मला म्हणालात, "हिचे पाय धरा आणि हिला हातांवर चालवा, हातगाडीसारखं." चार पावलांत तिची कोपरं मुडपली आणि ती पोटावर आली. खरं सांगतो, मी वैतागलो होतो. तक्रार बोटांची, आणि ह्या बाई पोरीला लोळवतायत! तेव्हा तुम्ही म्हणालात, "हलत्या होडीत बसून सुईत दोरा ओवून बघा. खांदा आणि पाठ ही तिची होडी आहे. ती आधी थांबू दे."

मग तुम्ही माझाच उजवा हात टेबलावर ठेवायला लावलात, डाव्या हाताने कोपराखाली धरायला लावलात आणि बोटं हलवायला सांगितलीत. कातडीखाली सगळं वळवळताना जाणवलं. बोटांमध्ये म्हणे स्नायू नसतातच. ती ओढणारे स्नायू तळहातात आणि कोपराखाली असतात, बोटांपर्यंत पोचतात त्या नुसत्या दोऱ्या, कळसूत्री बाहुलीच्या असतात तशा. चाळीस वर्षं ही बोटं वापरतोय आणि मला पत्ता नव्हता. मनगटातल्या आठ छोट्या हाडांचंही तेव्हाच कळलं. जन्मताना ती सगळी कूर्चाच, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक असतात, एकेक करून हाड होत जातात आणि शेवटचं धरायला आठ ते बारा वर्षं लागतात. मी लगेच म्हणालो, "म्हणजे चार वर्षांच्या मुलांनी लिहूच नये?" तर तुम्ही हसून, "तसं कुठं म्हटलं मी? हाडांचं नाव सांगून घाबरवणारेही खूप आहेत. मी फक्त म्हणतेय, घाई कशाची आहे?" तुमचं हे मला फार आवडलं होतं. अर्धी माहिती हाती लागली की माणूस तिचा लगेच नियम करून टाकतो, निदान मी तरी.

आणि मग तुम्ही पेन्सिल काढून घेतलीत. तीन महिने गिरवणं बंद. बदल्यात हातात काय ठेवलंत, तर कपडे वाळत घालायचा एक चिमटा.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "एवढंच?" एवढंच नव्हतं, हे पहिल्याच संध्याकाळी दिसलं. चिमटा उघडायला लेकीने तो अंगठा आणि पहिल्या बोटाची कड यांच्यात धरला, कुलपात किल्ली फिरवताना धरतो तसा. दाबून दाबून बोट पांढरं पडलं, चिमटा जेमतेम किलकिला झाला. बोटांची टोकं कामाला लागतच नव्हती. आठवडाभर तो चिमटा मगर होता. मगर पुठ्ठ्याच्या कडेला चावायची, उशीच्या अभ्र्याला चावायची, माझ्या बाहीला तर फारच. नवव्या की दहाव्या दिवशी मी पाहिलं, अंगठ्याचं टोक एका बाजूला, दोन बोटांची टोकं दुसऱ्या बाजूला, आणि मगरीने पूर्ण आ वासलेला. ह्यातलं मी काहीही शिकवलं नव्हतं.

पुढच्या भेटीत तुम्ही तिच्या शेवटच्या दोन बोटांखाली कापसाचा बोळा लपवायला दिलात. "हे पिल्लू झोपलंय, त्याला उठवायचं नाही," आणि उरलेल्या तीन बोटांनी मणी उचलून वाटीत टाकायचे. बाहेर आल्यावर मला समजावलंत की हाताचे दोन भाग असतात. अंगठ्याकडचा कामकरी, करंगळीकडचा टेकू देणारा. लिहिताना करंगळीची बाजू कागदावर टेकून राहते तेव्हाच बाकीची बोटं मोकळी होतात. हे ऐकून मी स्वतःलाच सही करताना न्याहाळलं. खरंच की!

खडूंचं मात्र रामायण झालं. "मेणखडू तोडून द्या, तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढे," असं तुम्ही म्हणालात आणि मी आज्ञाधारकपणे तिच्यासमोरच नवा डबा उघडून कटाकट तुकडे पाडले. लेकीने जे भोकाड पसरलं! (पुढच्यांसाठी सूचना: तुकडे मुलं झोपल्यावर पाडावेत.) पण शांत झाल्यावर तिने एक तुकडा उचलला तो आपसूक तीन बोटांत. मुठीत धरायला जागाच नव्हती ना त्याला. दीड महिना जी पकड मी बोटं पिरगाळून बसवत होतो, ती एक खडू मोडल्यावर आली.

कागद भिंतीवर चिकटवायला लावलात त्याचंही तसंच. टेबलावर तिचं मनगट आत मुडपायचं, उभ्या कागदावर ते आपोआप मागे कललं आणि खांदाही कामाला लागला. कागदाबाहेरच्या भिंतीवर जे चितारलं गेलं, त्यावर आमच्या घरात अजून चर्चा चालू आहे.

स्पंजने एका वाटीतलं पाणी दुसऱ्या वाटीत नेणं, ओला रुमाल पिळणं, भिजवलेल्या पिठाचे गोळे वळून त्यात लपवलेली बटणं शोधणं, हे सगळं तिने केलं, कधी मन लावून, कधी दोन मिनिटांत सोडून. सगळं आवडलं असं नाही. मणी ओवायचा तिला मनस्वी कंटाळा आहे, अजूनही. तुम्ही म्हणालात, "मग बुटाची जुनी नाडी आणि पुठ्ठ्याला मोठी भोकं." तेही नाही आवडलं. तुम्ही सोडून दिलंत. त्यातून मी एक शिकलो: खेळ औषधाच्या डोससारखा पाजायचा नसतो.

कात्रीबद्दल स्वतंत्र आभार. आम्ही तिला पातळ कागद द्यायचो, तो पात्यांत दुमडायचा आणि ती रडायची. तुम्ही जाड कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या दिल्यात, एका कचकनमध्ये तुकडा पडेल अशा. "अंगठा आभाळाकडे" हे तुमचं वाक्य आता ती बाहुलीला ऐकवते. त्या बाहुलीला केस उरलेले नाहीत, पण कापताना अंगठा बरोबर वर होता, हे मी साक्षीला उभा राहून सांगेन.

एक गोष्ट कबूल करायची राहिली. लेक सुरुवातीला खडू डाव्या हाताने उचलायची आणि मी तो गुपचूप उजव्यात द्यायचो. तुम्ही बोलला नाहीत, फक्त खडू टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवलात आणि माझ्याकडे पाहिलंत. हात ठरायला चार ते सहा वर्षांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि ठरवायचा तो तिने, मी नव्हे. आता ती बहुतेक डावखुरीच होणार असं दिसतंय. तिच्यासाठी डाव्या हाताची कात्री आणली आहे.

तुमच्याकडे नेलं होतं लेकीला, पण धाकट्याचाही फायदा झाला. तो तेव्हा अकरा महिन्यांचा होता. उंच खुर्चीत बसून चमचा खाली टाकायचा, आपण द्यायचा, तो पुन्हा टाकायचा. वीस वेळा. मी चमचा काढूनच घेतला होता. त्यावर तुम्ही म्हणालात, "अहो, पकडणं तो जन्मतःच घेऊन आलाय, तळहाताला बोट लावलं की तान्हं बाळही मूठ मिटतं. सोडणं शिकावं लागतं. वर्षाच्या आसपास जमायला लागतं ते. तो तुम्हाला छळत नाहीये, सराव करतोय." त्या दिवसापासून चमचा उचलताना माझी पाठ तेवढीच दुखते, डोकं दुखत नाही. मग त्याच्यासाठी झाकणाला चीर पाडलेला डबा आला आणि पुठ्ठ्याच्या मोठ्या चकत्या. टाकतो, खडखडवतो, मला उघडायला लावतो.

तो एकच हात वापरतो का, हेही तुम्ही सहज विचारावं तसं विचारलंत. दोन्ही वापरतो म्हटल्यावर पुढे गेलात. नंतर कळलं की वर्ष-दीड वर्षाच्या आतच बाळ एका हाताला चिकटून बसलं तर डॉक्टरांना दाखवायला हवं, आणि आलेली गोष्ट जायला लागली तर कुठल्याही वयात.

मण्यांवरून मात्र तुम्ही मला झापलंत आणि ते योग्यच होतं. लेकीचे मणी फरशीवर, धाकटा फरशीवर. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी वस्तू साधारण ३२ मिलिमीटर रुंद नळीत पूर्ण मावत असेल तर ती घशातही अडकू शकते, हे तुम्ही सांगितलंत. घरी येऊन मी पुठ्ठ्याची तेवढी नळी केली आणि खेळण्यांची पेटी चाळली. मूठभर वस्तू निघाल्या. बटणासारखे चपटे सेल आणि लोहचुंबकाचे छोटे तुकडे तर आता कुलपातच असतात. लेकीचे मण्यांचे खेळ धाकटा झोपल्यावर, टेबलावर, मोजून काढायचे आणि मोजून ठेवायचे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. तिचं अक्षर अजून तिरपागडंच आहे. त्रिकोणाचे कोपरे गोल येतात. तुम्ही सांगितलं होतंत, गोल साधारण तिसऱ्या वर्षी, अधिकचं चिन्ह चौथ्या, मग चौकोन, आणि त्रिकोण पाचाच्या आसपास. म्हणून मी गप्प आहे. तीन महिन्यांनी पेन्सिल परत आली तेव्हा तिने पहिलं अक्षर काढलं ते 'ठ'. का, तर "तो सोपा आहे, काडीला फुगा." आणि आम्ही 'अ'पासून सुरुवात करत होतो, ज्यात वळणंही आहेत, आडवी दांडीही आणि उभीही!

तुमची एक सूचना मला सगळ्यांत जड गेली. "बाबा, तुमचे हात खिशात ठेवा." कारण तिचे हात कच्चे राहण्यात माझ्या हातांचा वाटा मोठा होता. चेन मी लावायचो, झाकण मी उघडायचो, बूट मी चढवायचो, कारण उशीर झालेला असायचा. उशीर कायमच झालेला असतो.

परवाही झाला होता. लेक दाराशी जॅकेट घालून उभी. पाच बटणं. पहिलं बटण तिने काजाच्या तोंडाशी नेलं, अंगठ्याने ढकललं, कड आत गेली. आता दुसऱ्या हाताने पलीकडून ती कड पकडायला हवी, नेमकी तिथेच गंमत आहे. पकडेपर्यंत बटण मागे सरकलं. पुन्हा. पुन्हा. जीभ बाहेर. माझे हात खिशात, किल्ल्या घट्ट धरलेल्या. तिसऱ्यांदा पलीकडच्या दोन बोटांनी कड चिमटीत धरली आणि ओढली. मग बाकीची, एकामागून एक, चांगली सहा-सात मिनिटं. शेवटी खाली एक काज रिकामं राहिलं आणि वर गळ्याशी एक बटण जास्त आलं. जॅकेट एका बाजूने आखूड.

तिने खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चल, निघू या." आणि आम्ही तसेच गेलो.

मनापासून आभार, ताई.

तुमचा,
फाइलवाल्या मुलीचा बाबा

ता. क. : त्या फाइलमधले दहा कागद लेकीने फाडून बोळे केले. नऊ उरलेत. कागद बरा जाड आहे, कात्रीला चालतो.