दर्यात भुरे झालेले केस आणि शाळेचा नियम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मालवण तालुक्यातली एक आई. पत्र लिहायला उशीर झालाय, गोष्ट जूनमधली आहे आणि आता गणपती तोंडावर आलेत, पण डोक्यातून जात नाही म्हणून लिहिते.

माझा मुलगा आठवीत आहे. आमचं घर किनाऱ्याला लागून, त्यामुळे मे महिन्याची अख्खी सुट्टी पोरगा दर्यावर. सकाळी उठला की पाण्यात, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली की आजोबांच्या मागून दोर ओढायला धावणार आणि वाट्याचे चार बांगडे घेऊन घरी येणार. उन्हानं केसातला रंग उतरतो, खाऱ्या पाण्यानं केस राठ होतात, हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही आईला सांगायला नको. जून उजाडला तेव्हा त्याच्या केसांची टोकं अगदी नारळाच्या सोडणासारखी तांबूस झालेली. शाळा सुरू झाल्यावर परिपाठाला केसांची तपासणी झाली, त्यात सरांनी त्याला रांगेतून केस धरून बाहेर काढलं, कलर मारलास काय, हिरो झालास काय म्हणून. तो म्हणाला सर दर्यात पोवतंय म्हणून झाले, तर सगळी शाळा हसली. मग अजून तीन पोरांबरोबर प्रार्थना संपेपर्यंत बाजूला उभा, आणि उद्या काळे करून ये नाहीतर वर्गात बसायचं नाही.

घरी आला तो दप्तर टाकून सरळ मागच्या पडवीत जाऊन बसला. "आई, माका उद्यापासून शाळेत जाऊचा नाय." आजोबा त्याला समजावत होते, अरे खाऱ्या पाण्यान केस तांबडेच होतत, माझे पण होते, पण तो ऐकायला तयार नाही. नवरा गोव्याला ड्रायव्हर, फोनवर म्हणाला जाऊ दे, लाव काहीतरी, वर्ष नको फुकट जायला. मग मी दुकानातून काळ्या डायचं पाकीट आणलं आणि रात्री त्याच्या डोक्याला लावलं. सकाळी बघते तर दोन्ही कान लालबुंद सुजलेले, कपाळावर पुरळ, पापण्या फुगून डोळे अर्धे मिटलेले. डॉक्टर म्हणाले डायची अॅलर्जी, काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं केमिकल असतं त्यानं काही जणांना असं होतं. घरी येऊन पाकीट उलटसुलट करून बघितलं तर बारीक अक्षरात लिहिलेलं, वापरायच्या ४८ तास आधी कातडीला थोडं लावून बघा. मी वाचलंच नव्हतं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. युरोपात तर अशा डायच्या पाकिटावर १६ वर्षांखालच्यांसाठी नाही असं छापावंच लागतं. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे.

म्हणजे बघा, नियम काय तर केसांना कलर लावायचा नाही. आणि तो नियम पाळण्यासाठी ज्या पोरानं कधी कलर लावला नव्हता त्याला आम्ही कलर लावला.

मी नियमाच्या विरोधात नाही हे नीट समजून घ्या. मुंबईहून आलेल्या चुलत भावाचं बघून डोक्यावर पिवळे पट्टे मारून घेतात, बाजूला वस्तरा फिरवून लाईन मारून येतात, रील बनवायला म्हणून. शाळेत ते नको, सुट्टीत करा, हे माझंही मत आहे. आणि आमच्याकडच्या शिक्षकांबद्दल आदरच आहे, दहावीला कोकण बोर्ड राज्यात पहिलं येतं, २०२४ ला ९९.०१ टक्के निकाल लागला, ते काही शिस्तीशिवाय होत नाही. पण शिस्त लावणं वेगळं आणि पोराला चारचौघात उभं करून त्याची शोभा करणं वेगळं.

नेटवर शोधताना जपानमधली एक केस वाचली, ओसाकातली. एका मुलीचे केस जन्मापासून तपकिरी, शाळा म्हणाली काळे कर, वारंवार डाय लावून तिच्या डोक्याची कातडी खराब झाली, केसांची वाट लागली, शेवटी ती २०१७ मध्ये कोर्टात गेली. २०२१ मध्ये निकाल लागला तेव्हा कोर्टानं नियम चुकीचा आहे असं म्हटलं नाही, पण ती शाळेत येईना झाल्यावर हजेरीतून तिचं नाव काढलं आणि वर्गातलं तिचं बाक हलवलं हे चूक म्हणून ३ लाख ३० हजार येन भरपाई द्यायला लावली. मला त्यात आमचीच गोष्ट दिसली. नियम असू दे हो, पण त्या नावाखाली पोराची वर्गातली जागा काढून घेऊ नका. आपल्याकडे तर शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ सरळ सांगतं की मुलाला मारायचं नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. रांगेतून केस धरून ओढणं यात येत नाही का? काही ठिकाणी तर शिक्षक स्वतः कात्री घेऊन वेडेवाकडे केस कापतात आणि पालकही म्हणतात बरं केलं.

मुलींचं पण लिहिते, कारण ते कोणी लिहित नाही. दोन वेण्या आणि रिबिनी वर बांधून, हा नियम बाराही महिने. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पोरगी भिजत शाळेत पोचते, वेण्या घट्ट बांधलेल्या, संध्याकाळी सोडल्या तरी आत ओल्याच, केसांना कुबट वास, खाज वेगळीच. माझ्या नणंदेची मुलगी जुलैभर डोकं खाजवत असते. जून ते सप्टेंबर एक सैल वेणी चालेल एवढं शाळेनं सांगितलं तर काय बिघडणार आहे?

शाळांना माझं एवढंच म्हणणं आहे की केसांचे जे काय नियम असतील ते अॅडमिशनच्या वेळी कागदावर लिहून द्या, आणि एखाद्या पोराच्या केसांबद्दल शंका आली तर आधी घरी एक फोन करा. मला फोन आला असता तर मी सांगितलं असतं की सर, दोन महिने थांबा. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. गेल्या रविवारी गणपतीचे म्हणून त्याचे केस कापायला सलूनमध्ये घेऊन गेले, जूननंतरची ही दुसरी कटिंग. डायमुळे काळी झालेली ती टोकं सगळी खाली लादीवर पडली आणि डोक्यावर राहिले ते त्याचे स्वतःचे, काळेच.

गणपतीनंतर शाळेत पालकसभा आहे. तिथे मी उभी राहून हेच बोलणार आहे, आणि किनाऱ्यावरच्या बाकीच्या आयांनीही आपापल्या शाळेत बोलावं म्हणून हे पत्र छापावं ही विनंती.

आपली,
एक पालक, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग