टोकन तुझ्याच पर्समध्ये ठेव

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर ‘बघते मी’ म्हणून तू विषय मिटवलास, पण तुझा आवाज मला कळतो. कंपनीचे आर्थिक निकाल जाहीर व्हायच्या आधी आकडे बाहेरच्या सल्लागाराकडे गेले, ते कुणाला दिले याची नोंद करायची राहिली, आणि आता साहेब म्हणतात, मागची तारीख टाकून दे. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

आमच्या वेळी मागची तारीख टाकण्यात कुणाला काही वाटतच नसे. सभेचं इतिवृत्त तीन-तीन महिन्यांनी लिहिलं जाई. रजिस्टर तेच, शाई तीच, विचारणार कोण? फॉर्मचे गठ्ठे घेऊन मी आरओसीच्या, म्हणजे कंपनी निबंधकाच्या, ऑफिसात रांगेत उभा राहायचो. 2006 मध्ये एमसीए-21 ही फॉर्म ऑनलाइन भरायची सरकारी व्यवस्था आली आणि ती रांग गेली. 1 एप्रिल 2023 पासून तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठली नोंद कधी बदलली याचा मागही राहतो, आणि तो बंद करता येत नाही. शेअर बाजाराची नियामक सेबी कंपन्यांना आतल्या माहितीच्या नोंदींसाठी जो डेटाबेस ठेवायला लावते, तुझ्या त्या डेटाबेसचंही तसंच आहे. माहिती कुणाला दिली, त्याचा पॅन काय, आणि नोंद नेमकी किती वाजता झाली, हे सगळं किमान 8 वर्षं जपायचं असतं. तू तारीख मागची घातलीस तरी वेळेचा शिक्का आजचाच पडणार, आणि लॉगिन तुझं असणार, साहेबांचं नव्हे.

म्हणून नोंद आजच्या तारखेनेच कर. माहिती कधी दिली ते खरं लिही, नोंद उशिरा होतेय हेही लिही, आणि साहेबांना तसा ईमेल टाक. उशीर ही चूक आहे, ती कबूल करता येते. खोट्या तारखेतून मात्र सुटका नाही.

आणखी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. माझ्या टेबलाच्या खणात चार संचालकांची डीएससी टोकनं, म्हणजे डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी उपकरणं, असायची, प्रत्येकाला पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली. सगळ्याच ऑफिसांत तसं चालायचं. एकदा शेवटच्या तारखेला एक संचालक परदेशात होते. मी त्यांचं टोकन लावलं, पासवर्ड घातला, फॉर्म गेला. पुढे वाद झाला तेव्हा ते म्हणाले, ‘ही सही मी केलेलीच नाही.’ खरंच होतं ते. त्यांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. ते भले, म्हणून निभावलं. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही लबाडीने वापरली तर आयटी कायद्याच्या कलम 66सी (66C) खाली 3 वर्षांपर्यंत कैद आहे, हे मी त्या रात्री घरी येऊन वाचलं. तू तेव्हा शाळेत होतीस.

तुझं टोकन लॅपटॉपला लावलेलं ठेवून जेवायला जाऊ नकोस. पासवर्ड ऑफिसातल्या कुणालाही देऊ नकोस, कितीही घाई असो.

ईमेलचा मसुदा जमत नसेल तर रात्री फोन कर, आपण मिळून लिहू. मी अकरापर्यंत जागाच असतो. आईने डिंकाचे लाडू केलेत, शनिवारी पाठवतो.

तुझा,
बाबा