हिमाचलातल्या हम्प्टा पासच्या ट्रेकला निघालास, गाडीत बसल्यावर वाच

सोनू,

व्हॉट्सअपवर लांबलचक लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून हे कागदावर लिहून सॅकच्या वरच्या कप्प्यात घातलंय. दिल्लीच्या निजामुद्दीनपर्यंत वेळच वेळ आहे, वाच निवांत.

पप्पांना काळजी आहे थंडीची, आत्याला तिकडच्या जेवणाची. मला काळजी आहे ती तुझी तब्येत चांगली आहे याची. तालमीत जोर मारतोस, ज्योतिबाचा डोंगर गप्पा मारत चढतोस, म्हणजे पहिल्याच दिवशी तू सगळ्यांच्या पुढं पळणार हे मला इथं कट्ट्यावर बसून दिसायलंय. कोल्हापूरचा गडी ना, मागं कसा राहील!

जरा हिशोब बघ. आपलं गाव साधारण 550 मीटरवर, पन्हाळा हजाराच्या आत. तुम्ही चालायला सुरू करणार ते जोब्राच 3000 च्या आसपास, आणि पास, म्हणजे ती खिंड, 4270 च्या घरात. तिथं पण हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो रे, पण हवेचा दाब उतरतो, त्यामुळं पासवर एका श्वासात समुद्रकाठच्या मानानं 60 टक्क्यांच्या आसपासच हाताला लागतो. शरीराला त्याची सवय व्हायला दिवस जातात आणि कितीही बैठका मारल्या तरी ती सवय लवकर होत नाही. बऱ्याचदा तगडी पोरंच आडवी होतात, कारण ती भराभर चढतात आणि डोकं ठणकायला लागलं तरी लाजंनं कुणाला सांगत नाहीत. तू तसला आहेस. ताप असताना कुस्ती बघायला गेला होतास, विसरले नाही मी.

आता बॅचमधल्या लोकांचं. अनोळखी असतात, पहिल्या दिवशी नुसते फोटो आणि हसणं-खिदळणं, कोण कसं आहे काय कळत नाही. आमचा रंकाळ्यावर फिरणाऱ्या बायकांचा ग्रुप पन्हाळा-पावनखिंडीला जातो तेव्हा पण असंच असतं, बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी घोषणा देताना सगळ्या वाघिणी, आणि मसाई पठारावर धुकं आलं की रांग अशी लांबते की पुढचीची पाठ दिसत नाही. एकदा एक बाई, म्हाळुंग्यापासनं अखंड सुनेची गाऱ्हाणी सांगत होती, पठार उतरताना गप झाली. बाकीच्यांना बरंच वाटलं, खरं सांगते. पण आमच्यात सगळ्यात शेवटी चालणाऱ्या एक काकू आहेत, त्यांनी तिला थांबवून बूट काढायला लावला तर टाच सोलून मोजा रक्तानं चिकटलेला, आत वाटाण्याएवढे खडे. धुवून, पुसून, चिकटपट्टी लावून, कोरडा मोजा घालून दहा मिनिटात निघाल्या. तशीच चालली असती तर पुढं भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात बसली असती, आणि तिथं गाडी कुठली यायला.

म्हणून बोलका माणूस गप झाला की बघायचं. तिकडं तर जास्तच. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं, रात्री झोप न लागणं, हे कुणालाही होऊ शकतं, लीडरला सांगायचं आणि बरं वाटेपर्यंत वर चढायचं नाही. पण कोण दारू प्यायल्यासारखा झोकांड्या द्यायला लागला, असंबद्ध बोलायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी खाली आणायचं. हे तुझ्या स्वतःला पण लागू आहे हं. कुणाला ही गोळी ती गोळी आपल्या मनानं देऊ नकोस, डॉक्टरगिरी नको.

आणि मागं राहणाऱ्याबरोबर चाल. कोण तरी असतंच, पहिल्यांदा आलेलं, ऑफिसात बसून बसून दम गेलेलं, सगळे पुढं गेले की रडकुंडीला येणारं. त्याच्याशी बोलता बोलता चाललास की तुझा पण वेग आपोआप आवरतो, माझा त्यात स्वार्थ आहे असं समज.

ओढे ओलांडताना सकाळी लवकर निघा म्हणतील, कटकट करू नकोस. दिवसा ऊन तापलं की वरचा बर्फ वितळून दुपारनंतर पाणी वाढतं. कुल्लूच्या बाजूला हिरवंगार आणि पास ओलांडला की लाहौलकडं उघडे बोडके डोंगर, कारण पावसाळी ढग अलीकडच्याच डोंगरांना अडतात, आपल्या गगनबावड्याला धो धो आणि शिरोळला तेवढा नाही तसंच. तिथं थांबून बघ नीट, फोनमधनं नको.

नवीन बूट घालून जाऊ नकोस, जुनेच घाल. पप्पांनी हौसेनं आणलेत, मी त्यांना समजावते.

मध्ये रेंज नसणार, रोज फोनची वाट बघत बसणार नाही मी. ट्रेक संपतो त्या छत्रूतनं गाडीनं परत येताना रेंज आली की एक मेसेज टाक, नुसता अंगठा चालेल.

भडंग सगळ्यांना पुरंल एवढा भरलाय, कांदा-लसूण चटणीची पुडी वेगळी आहे, ती दिल्लीवाल्यांना जपून द्या. डबा आत्याचा आहे, परत आण.

आई